कायदा दिल्लीत, जाच गल्लीत, आमदार कुठे?

दिल्लीत नवा कायदा झाला की राज्यातल्या आमदारांची मते छापून येतात. सत्ताधारी पक्षाचा आमदार त्या कायद्याला ऐतिहासिक म्हणतो, विरोधी पक्षाचा आमदार त्यालाच काळा कायदा म्हणतो. या दोघांपैकी किती जणांनी तो कायदा पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत वाचलेला असतो, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. त्याच आठवड्यात हेच आमदार साहेब एखाद्या बौद्धवाड्यात नाहीतर मातंग वस्तीत येतात, समाजमंदिरापुढच्या पेव्हर ब्लॉकचे उद्घाटन करतात, निळा फेटा बांधून घेतात आणि आपल्या तालुक्यात सर्व समाज गुण्यागोविंदाने नांदतो, असे सांगून गाडीत बसतात. कायद्याविषयीचे मत वर्तमानपत्राला आणि सलोख्याविषयीचे मत वस्तीला! या दोन मतांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे आमदार साहेबांना वाटतच नाही. आमचे भांडण येथून सुरू होते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. राजपत्रात छापलेला कायदा गावकुसाबाहेरच्या माणसाच्या हाती पडेपर्यंत तो कागदच असतो. दिल्लीतला हा कागद गल्लीपर्यंत पोचविण्याचे काम खुद्द कायद्यानेच आमदारावर सोपविले आहे. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात त्याला खुर्ची दिली आहे. त्या खुर्चीवर तो किती वेळा बसला, तेथे काय बोलला, याचा हिशेब आंबेडकरी जनतेने मागितला पाहिजे. बाकीची भाषणे, शुभेच्छांचे फलक आणि उद्घाटने ही त्या हिशेबापुढे कवडीमोल आहेत.

कायदेमंडळाचा सभासद आणि वस्ती यांचे नाते कसे असावे, हे महाराष्ट्राला नव्याने शिकविण्याची गरज नाही. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. बोले हे भंडारी समाजाचे होते. अस्पृश्यांचा प्रश्न हा आपला विषय नव्हे, असे त्यांना वाटले नाही. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्या ठरावाला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही तळ्याचे पाणी अस्पृश्याच्या ओंजळीत आले नाही. ते यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्याच्या काठी चालत जावे लागले. विधिमंडळाचा ठराव, नगरपालिकेचा ठराव आणि प्रत्यक्ष ओंजळ यांच्यामध्ये किती अंतर असते, हे महाडने आम्हाला कायमचे शिकविले आहे.

बाबासाहेब त्याच वर्षी मुंबई विधिमंडळाचे सभासद झाले होते. मार्च १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले. गावाने महारावर लादलेली राबणूक त्यांनी गावच्या चावडीवरून उचलून थेट विधिमंडळाच्या मेजावर नेऊन ठेवली. ते विधेयक तेव्हा तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. तीस वर्षे! परंतु विषय सुरू झाला तो १९२८ साली एका आमदाराच्या तोंडून. पुढे १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणच्या कुळांचा प्रचंड मोर्चा मुंबईत विधिमंडळावर आला. त्याच वर्षी औद्योगिक विवाद विधेयकाला सभागृहात विरोध करून ७ नोव्हेंबरला त्यांनी कामगारांचा संपही घडविला. सभागृहात जे बोलायचे तेच रस्त्यावर आणि रस्त्यावर जे भोगायचे तेच सभागृहात. बाबासाहेबांच्या आमदारकीचा हा नियम होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी लोकसभेत आणि राज्यसभेत बसून भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे नेतृत्व केले, तेही याच नियमाने. या मापाने आम्ही आजच्या आमदाराला मोजणार असू, तर त्यात आमचे काय चुकले?

आता दिल्लीच्या ताज्या कायद्यांकडे वळू. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी तीन नवे कायदे मंजूर केले. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते. म्हणजे देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याचा कारभार बदलणारे कायदे अर्ध्या रिकाम्या बाकांसमोर मंजूर झाले. राष्ट्रपतींची संमती मिळाल्याची तारीख २५ डिसेंबर २०२३. बरोबर शहाण्णव वर्षांपूर्वी याच तारखेला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. १ जुलै २०२४ पासून हे कायदे अमलात आले. गुलामीचे कायदे गेले, असा गाजावाजा झाला. परंतु वस्तीतल्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो. रात्री अकरा वाजता मार खाऊन, फाटक्या कपड्यांनिशी तो ठाण्याच्या पायरीवर उभा राहतो, तेव्हा ठाणे अंमलदार वही उघडतो की नाही, एवढेच त्याला कळायला हवे असते.

नव्या कायद्यात काहीच चांगले नाही, असे आम्ही म्हणत नाही. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने फिर्याद घेतली पाहिजे, हे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिले गेले आहे. फिर्यादीची प्रत मोफत द्यावी लागते. तपास कुठवर आला, हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावे लागते. हे चांगले आहे आणि प्रत्येक कार्यकर्त्याने ते पाठ केले पाहिजे. परंतु त्याच कलम १७३ च्या तिसऱ्या पोटकलमात एक खाच आहे. ज्या गुन्ह्याला तीन वर्षे किंवा त्याहून अधिक परंतु सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, त्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकाची परवानगी घेऊन चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करता येते आणि मगच पुढे जायचे की नाही, हे ठरविता येते.

आता ॲट्रॉसिटी कायदा उघडून बघा. जातिवाचक शिवीगाळ, सामाजिक बहिष्कार, स्मशानभूमीत किंवा पाणवठ्यावर मज्जाव, घोड्यावरून निघालेली लग्नाची वरात अडविणे, आमच्या महापुरुषांचा अवमान, हे सारे गुन्हे कलम ३ (१) मध्ये येतात. त्यांची शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. म्हणजे वस्तीवर रोज घडणारे बहुतेक गुन्हे नेमके त्या तीन ते सात वर्षांच्या कप्प्यात जाऊन बसतात! अशा वेळी एखाद्या ठाणेदाराने नव्या कायद्याचे पुस्तक पुढे करून ‘चौदा दिवस थांबा, आधी चौकशी करतो’ असे सांगितले, तर अडाणी फिर्यादीने काय करावे? चौदा दिवसांत गावात काय काय होऊ शकते, हे ज्याने गाव भोगले आहे त्यालाच ठाऊक. या दिवसांत साक्षीदार गप्प होतो, दुकानदार उधारी बंद करतो, शेतमालक कामाला येऊ नको म्हणतो आणि फिर्यादीच्या म्हाताऱ्या आईला कुणीतरी येऊन गोडीत समजावून जाते.

वास्तविक कायदा येथे अगदी स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी कराडमधल्या एका प्रकरणावरून निकाल देताना ॲट्रॉसिटीच्या फिर्यादीआधी प्राथमिक चौकशी आणि अटकेआधी परवानगी आवश्यक केली होती. त्याविरुद्ध २ एप्रिल २०१८ रोजी देशभर बंद झाला. अनेकांनी त्यात प्राण गमावले. त्या रेट्यामुळे ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेला कलम १८ अ घालावे लागले. गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही आणि अटकेसाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही, हे त्या कलमाने सांगितले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच आपले २०१८ चे निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी कलम १८ अ वैध ठरविले. शिवाय या कायद्याच्या कलम २० प्रमाणे इतर कोणत्याही कायद्याशी विसंगती आली तरी ॲट्रॉसिटी कायदाच वरचढ राहतो. म्हणजे नव्या संहितेतली चौदा दिवसांची चौकशी येथे लागूच होत नाही. बंदमध्ये सांडलेल्या रक्ताने मिळविलेले हे कलम आहे. ते ठाण्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले आहे की नाही, आपल्या मतदारसंघातल्या प्रत्येक ठाणेदाराला ते ठाऊक आहे की नाही, हे पाहणे कुणाचे काम?

येथे आमदार साहेबांचे पहिले ठरलेले उत्तर येते: “हा केंद्राचा कायदा आहे, आमच्या हातात काय आहे?” हे उत्तर खोटे आहे. पोलीस राज्याच्या अखत्यारीत आहेत. विशेष सरकारी वकील राज्य सरकार नेमते. विशेष न्यायालये राज्य सरकार उच्च न्यायालयाच्या सहमतीने स्थापन करते. गृहखात्याच्या मागण्यांवर मतदान याच आमदारांचे असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम १७. या नियमाने प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असणे बंधनकारक केले आहे. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. जिल्हा पोलीस अधीक्षक सभासद. समाज कल्याण खात्याचा जिल्ह्याचा अधिकारी सभासद सचिव. आणि निवडून आलेले खासदार आणि आमदार हेही सभासद! तीन महिन्यांतून किमान एकदा ही समिती बसलीच पाहिजे. किती गुन्हे नोंदले, किती नाकारले, साठ दिवसांत दोषारोपपत्र गेले का, पीडिताला अर्थसाहाय्य मिळाले का, कोणत्या अधिकाऱ्याने कर्तव्यात कसूर केली, हे सारे तेथे तपासायचे आहे. नियम १६ प्रमाणे राज्य पातळीवर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली अशीच समिती असते. जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून किमान दोनदा तिची बैठक व्हायला हवी. राज्यातले अनुसूचित जाती-जमातींचे निवडून आलेले खासदार-आमदार तिचेही सभासद असतात.

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा २०१३ चा केंद्रीय कायदाही असाच आहे. तो ६ डिसेंबर २०१३ पासून, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनापासून अमलात आला. त्याच्या कलम २४ प्रमाणे जिल्हा दक्षता समितीत त्या जिल्ह्यातून निवडून आलेले अनुसूचित जातींचे सर्व आमदार सभासद असतात आणि तीही तिमाही बैठकच आहे. शहरातल्या सेप्टिक टाकीत उतरलेला तरुण गुदमरून मरतो, तेव्हा आमदार साहेब घरी येऊन सांत्वन करतात, फोटो निघतो. त्यांना एकच विचारावे: मागच्या तिमाहीत समिती बसली होती का? माणूस गटारात उतरवणाऱ्या ठेकेदाराची नावे तुम्ही तेथे मांडली होती का? सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूची नुकसानभरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. ती या घरात केव्हा पोचेल?

म्हणजे दोन केंद्रीय कायद्यांनी आमदाराला नाव घेऊन बोलावले आहे, खुर्ची दिली आहे, दर तीन महिन्यांची मुदत घातली आहे. त्यानंतरही ‘आमच्या हातात काय आहे’ असे जो म्हणतो, त्याने एक तर कायदा वाचलेला नाही किंवा वाचून तो लपवीत आहे. दोन्ही गोष्टी आमदाराला शोभत नाहीत.

आमदार साहेबांचे दुसरे ठरलेले उत्तर पहिल्याहून घातक आहे: “गावाचा सलोखा बिघडू नये, मिटवून घ्या.” सलोखा कुणाला नको आहे? आम्हाला तो सर्वांत जास्त हवा आहे, कारण तो मोडल्यावर घर आमचेच जळते. परंतु सलोखा म्हणजे फिर्याद मागे घेणे, हा अर्थ कुठून आला? मार खाणाऱ्याने मिटवून घ्यायचे आणि मारणाऱ्याने गावाचा मोठेपणा मिरवायचा, या व्यवहाराला सलोखा म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ग्रामव्यवस्थेच्या गोडव्यांचा कडक समाचार घेतला आणि मसुद्याने गावाऐवजी व्यक्ती हा घटक स्वीकारल्याबद्दल समाधान व्यक्त केले. गावाच्या नावाने व्यक्तीचा गळा कसा आवळला जातो, हे ते जाणून होते.

मिटवून घेण्याची फळे आम्ही पाहिली आहेत. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आरोपींना हत्येबद्दल शिक्षा झाल्या, पण २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आणि २०१० साली उच्च न्यायालयाने तेथे ॲट्रॉसिटी कायदा लागू होतो, हे मान्य केले नाही. २०१४ साली खर्ड्यात एका शाळकरी मुलाचा खून झाला. २०१७ साली सारे आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. साक्षीदार एका रात्रीत फितूर होत नाही. त्याला गावात राहायचे असते. २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५ अ घालून पीडित आणि साक्षीदार यांना संरक्षणाचा हक्क दिला आहे. त्याला पोलिसांचे संरक्षण, प्रवासखर्च, गरज पडल्यास दुसरीकडे वसविणे, हे सारे मिळते की नाही, हे पाहण्याची जागा म्हणजे तीच तिमाही समिती. साक्षीदाराच्या पाठीशी शासन उभे आहे, हे ज्या गावात दिसते त्या गावात फितुरीला जागा उरत नाही. हाच खरा सलोखा. अन्याय करणाऱ्याला कायद्याचा धाक आणि अन्याय सोसणाऱ्याला कायद्याचा आधार असला की माणसे आपोआप एकमेकांशी नीट वागू लागतात.

परभणीची घटना तर ताजी आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक संतापले, बंद झाला. पोलिसांनी वस्त्यांत शिरून धरपकड केली. पकडलेल्यांपैकी कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवा, हे सांगण्यासाठी जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश यावा लागला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले तरी तो आदेश टिकला. मृत्यूपासून आदेशापर्यंत सुमारे सात महिने गेले. जे काम ठाण्यात एका दिवसात व्हायला हवे, त्यासाठी एका आईला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, तेव्हा मधल्या सर्व लोकप्रतिनिधींचे प्रयोजन काय, असा प्रश्न आम्ही विचारतो.

आमदार असे का वागतात? माणसे वाईट असतात म्हणून, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. राखीव मतदारसंघातला आमदार आमच्या समाजाचा असतो, परंतु त्याला निवडून देणारी बहुसंख्य मते इतरांची असतात. फिर्यादीच्या बाजूने उभे राहिले तर गावातली मोठी मते जातात, हे गणित त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. हे गणित २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने आमच्या माथी मारले. त्या करारात निदान प्राथमिक निवडणुकीची तरतूद होती. राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतून मग सर्वांनी एक निवडायचा. म्हणजे आमच्या लोकांच्या चाळणीतून गेल्याशिवाय कुणी आमचा प्रतिनिधी होऊ शकत नव्हता. ती चाळणी पुढे गेली. जागा राहिल्या, चाळणी गेली! १९५५ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने कायदेमंडळातल्या राखीव जागा रद्द करण्याचा ठराव केला, त्यामागचे दुःख हेच होते.

२०१९ साली १०४ व्या घटनादुरुस्तीने या राखीव जागांची मुदत जानेवारी २०३० पर्यंत वाढविली आहे. ती मुदत संपत येईल तेव्हा पुन्हा चर्चा होईल. मनुवादी विचारतील, या जागांनी काय साधले? त्या दिवशी आमच्या हाती उत्तर हवे. राखीव जागेवरच्या आमदारांनी तिमाही समित्या बसविल्या, ठाणेदारांना जाब विचारला, विशेष न्यायालये आणली, असे उत्तर देता आले तर या जागांचे समर्थन कुणाला करावे लागणार नाही. उत्तर पेव्हर ब्लॉकचे असेल, तर मात्र आमची मान खाली जाईल.

येथे काही समाजबांधव म्हणतील, पेव्हर ब्लॉकला एवढे हिणवू नका. वस्तीला रस्ता लागतो, दिवा लागतो, गटार लागते, मुलांना अभ्यासिका लागते. आम्हाला हे मान्य आहे. पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून शाळेत जाणाऱ्या मुलीला आम्ही कायद्याचे कलम सांगून गप्प बसवणार नाही. परंतु रस्ता आणि गटार यांसाठी अर्थसंकल्पात पैसा ठेवलेला असतो आणि तो आमच्याच कराचा असतो. आमदार निधी हा आमदाराच्या खिशातला पैसा नव्हे. हक्काची वस्तू उपकार म्हणून घ्यायची आणि त्या बदल्यात खऱ्या हक्काचा प्रश्न विचारायचा नाही, असा सौदा झाला आहे. तो मोडला पाहिजे. हायमास्टच्या दिव्याखाली वस्ती उजळते. पण त्याच दिव्याखाली आमच्या पोराला मारहाण झाली तर फिर्याद घ्यायला लावणारा माणूस कोण, हे आधी ठरले पाहिजे.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. २०१६ साली राज्यभर निघालेल्या मोर्चांतून ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करा, अशी मागणी झाली. तेव्हा कोणता आमदार स्पष्ट बोलला आणि कोणता घरात बसून राहिला, हे वाचकांनी आपापल्या मतदारसंघापुरते आठवून पाहावे. आरोपी सुटतात म्हणजे फिर्यादी खोट्या असतात, असा उलटा तर्क तेव्हापासून चालविला जातो. आरोपी का सुटतात, हे आम्ही वर सांगितले आहे. तपास ढिला असतो, साक्षीदार एकटा पडतो आणि सरकारी वकिलाला कागद वाचायला वेळ नसतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या आदेशात कायद्याचा गैरवापर हा माणसाच्या दोषाचा परिणाम आहे, त्याचा संबंध जातीशी जोडता येत नाही, असे मत नोंदविले आहे. ज्याला खरोखर खोट्या फिर्यादींची चिंता आहे, त्या आमदाराने तर समितीच्या प्रत्येक बैठकीला हजर राहून प्रत्येक प्रकरणाचा कागद पाहिला पाहिजे. तेथे न जाता बाहेर गैरवापराच्या गप्पा मारणे हा शुद्ध कांगावा आहे.

मग करायचे काय? आमच्या मते काम अवघड नाही, चिकाटीचे आहे. प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून जिल्ह्याच्या समाज कल्याण सहाय्यक आयुक्तांकडे अर्ज करावा. गेल्या तीन वर्षांत जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीच्या किती बैठका झाल्या, त्यांच्या तारखा, हजेरीपत्रक आणि इतिवृत्ताच्या प्रती मागाव्यात. तीन वर्षांत किमान बारा बैठका व्हायला हव्यात, हा हिशेब सोपा आहे. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उपविभागीय पातळीवरही अशी समिती असते. प्रांत कार्यालयात तिच्याविषयीही असाच अर्ज करावा. मैला साफ करण्याविषयीच्या समितीबाबत तोच मार्ग. मिळालेले हजेरीपत्रक विहाराच्या फलकावर लावावे. त्यावर कुणाचीही टीका-टिप्पणी लिहू नये. कोण हजर आणि कोण गैरहजर, एवढे लोकांनी वाचले तरी पुरे आहे.

महिला मंडळांनी आणि जयंती समित्यांनी यात पुढे यावे, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. वर्गणी, मिरवणूक, रोषणाई यांची समित्यांना चांगली सवय आहे. त्याच समित्यांनी वर्षातून चार वेळा एक सभा या हिशेबासाठी घ्यावी. नोंदलेल्या आणि नाकारलेल्या प्रत्येक फिर्यादीची वही वस्तीतच ठेवावी. ठाण्यात फिर्याद नाकारली गेली तर ती तारीख, वेळ आणि अधिकाऱ्याचा हुद्दा त्या वहीत लिहावा आणि तीच माहिती लेखी स्वरूपात आमदाराच्या हाती देऊन पोच घ्यावी. कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला याच कायद्याच्या कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष शिक्षा होऊ शकते. मात्र लोकसेवक अनुसूचित जाती-जमातींचा नसावा लागतो आणि त्याआधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. ती चौकशी लावा, असे समितीत ठणकावून सांगणारा आवाज आमदाराचा असायला हवा. पोच हातात असलेल्या मतदाराला ‘मला कुणी सांगितले नाही’ असे उत्तर देता येत नाही.

गटातटाच्या राजकारणाचा येथे प्रश्न येत नाही. आमदार निळ्या झेंड्याचा असो, तिरंगी असो वा भगव्या, राखीव जागेवरचा असो वा खुल्या, नियम १७ ने सर्वांना एकाच मेजाभोवती बसविले आहे. कोणत्या पक्षाला मत द्यावे, हे सांगण्यासाठी आम्ही हे लिहिलेले नाही. ज्याला मत दिले त्याच्याकडून काय वसूल करावे, हे सांगण्यासाठी लिहिले आहे. पुणे कराराने हिरावलेली चाळणी कायद्याने परत मिळेल तेव्हा मिळेल. तोपर्यंत हा तिमाही हिशेब हीच आमची चाळणी.

१४ एप्रिलला आमदार साहेबांना व्यासपीठावर जरूर बोलवा. त्यांचा मान राखा, खुर्ची द्या. मात्र गळ्यात हार घालण्यापूर्वी त्यांच्याकडे मागच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मागा. जयभीम!